बदरुद्दीनच्या बोटी

शुक्रवार, २३ नोव्हेंबर २०१८. नाश्त्यानंतर.

आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या कपाटात २०१६ ची कोरी डायरी मिळाली, वार हाताने बदलून घेतोय. रागाच्या भरात ठरवलेला बदला मी तिसऱ्या दिवशी विसरतो, असा अनुभव आहे. म्हणून लेखी.

कोणावर: बदरुद्दीन. माझा साडू. सफूराच्या मोठ्या बहिणीचा, मासूमाआपाचा नवरा. मूळ दाभोळचा, आमच्याच मोहल्ल्यातला. हल्ली दुबईत 'बोटींच्या लाइनमध्ये' असतो. म्हणजे नक्की काय करतो ते तो सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

गुन्हा: गेल्या ख्रिसमसला फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ. तिकडे एका मरिनात चोवीस तारखेच्या संध्याकाळी बोटींची परेड निघते. डोलकाठीपासून पाण्यापर्यंत दिवेच दिवे. पाण्यातही तेवढेच दिवे. चांगलं दिसत होतं, नाही म्हणत नाही. पण खाली त्याने लिहिलं, वहाबभाई, तुमच्या रियाधमध्ये बोटी असतात का? ग्रुपवर बेचाळीस माणसं. एकोणीस हसली. यादी केलेली आहे.

रियाधपासून समुद्र चारशे किलोमीटर. माझ्या बापाचा स्वतःचा मचवा होता. बदरुद्दीनचा बाप आमच्या मचव्यावर जाळी ओढायला यायचा. आणि हा मला बोटी विचारतो.

ठराव: या चोवीस तारखेला रियाध ते दुबई, हजार किलोमीटर, स्वतःच्या गाडीने. त्याच्या घरी राहायचं नाही, जेवायचं नाही. परेड पहिल्या रांगेतून बघायची. फोटो ग्रुपवर. खाली एकच ओळ: 'बदरुद्दीन, तू दिसला नाहीस?'

सफूराला सांगितलं. ती म्हणाली, आपाला भेटून तीन वर्षं झाली. मी म्हटलं, वेळ उरला तर तेही बसवू.

ख्रिसमस आपला नाही हे मला कळतं. पण बोट ती बोट, दिवा तो दिवा. ऑफिसात मात्र हा शब्द काढायचा नाही. रजेच्या अर्जात 'नातेवाईकांची भेट'.


रविवार, २५ नोव्हेंबर.

बदल्याच्या यादीत एक नाव वाढलं.

हम्माद. वय एकेचाळीस, फौजेतून लवकर रिटायर झालेला, चार मुलांचा बाप. आजपासून माझ्या टेबलाला त्याचं टेबल लावलं. जी.एम. म्हणाला, वहाब, नव्या नियमाने हे काम सौदी माणसाकडेच हवं, याला तीन-चार महिन्यांत सगळं शिकव. मग माझं काय, असं विचारणार होतो. पण अशा वेळी गप्प राहण्यात पॉवर असते.

माझं काम: दोनशे दहा कामगारांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, आणि घरी जाणाऱ्यांची एक्झिट-रीएंट्री, म्हणजे जाऊन परत यायची परवानगी. सगळं सरकारी पोर्टलवर. चौदा वर्षं करतोय. माझ्याशिवाय ही कंपनी आठवडाभर चालणार नाही. ख्रिसमसच्या आठवड्यात ते सिद्ध होईल. एका रजेत दोन बदले.

हम्माद एका बोटाने टाइप करतो. मला 'या उस्ताद', म्हणजे अहो मास्तर, म्हणतो. कॉफी घेऊन आला. प्यायली, पण थंड चेहऱ्याने.


शनिवार, १ डिसेंबर.

तयारी.

१. गाडी सर्व्हिसिंग: बुधवारी.
२. खजूर: बदरुद्दीनकडे तोंडदेखलं द्यायला. दुसऱ्या नंबरचा घेतला. डबा पहिल्या नंबरचा.
३. सफूराचं लायसन: तिचं चिपळूणचं होतं, बायकांना परवानगी मिळाल्यावर तिने इथलं करून घेतलं. मी तिला सांगितलं, तू इमर्जन्सी ड्रायव्हर. म्हणजे मी बेशुद्ध पडलो तर.

अफशाँला, म्हणजे आमच्या मुलीला, मिशन समजावलं. नववीत आहे. ती इंग्लिशमध्ये म्हणाली की अब्बा, खालूजान (म्हणजे बदरुद्दीन) तर फक्त जोक करत होते. या पिढीला इज्जत हा विषयच नाही.


बुधवार, ५ डिसेंबर. दुपार.

दुबईच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज केला होता. गल्फमध्ये राहणाऱ्यांना सोपा असतो. उत्तर आलं: नामंजूर. कारण, अर्जदाराचा व्यवसाय.

टेक्निकल गोष्ट आहे, इथे लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हुद्द्यावर परदेशी माणूस ठेवायला बंदी आली. तेव्हा कंपनीने, मला वाचवण्यासाठीच, इकाम्यावर हुद्दा बदलला. तो मीच टाइप केला. जो पहिला मोकळा सापडला तो. 'आमिल शहन व तफरीग'. मराठीत सांगायचं तर माल चढवणारा-उतरवणारा.

हे घरी सांगायचं राहून गेलं होतं.

सफूराने स्क्रीन वाचली. कधीपासून, विचारलं. म्हटलं, दोन वर्षं, पण हा नुसता कोड आहे. ती म्हणाली, मी अफशाँच्या शाळेच्या फॉर्मवर ॲडमिनिस्ट्रेटर लिहीत आले. मी म्हटलं, बरोबरच लिहिलंस. ती उठून कुकर लावायला गेली. शिट्ट्या जरा जास्तच झाल्या.

हा दोष कोणाचा? बदरुद्दीनचा. त्याने व्हिडिओ टाकला नसता तर मी अर्ज केला नसता.


शुक्रवार, ७ डिसेंबर.

ट्रायल रन. सीमेवरच्या चौकीचं नाव बत्हा. फोनमध्ये 'बत्हा' टाकलं आणि शांतपणे निघालो. चाळीस मिनिटांनी फोन म्हणाला, तुम्ही पोचलात. समोर भाजी, बनियन, सिमकार्डं आणि निम्मं केरळ. रियाधच्या जुन्या बाजाराचं नावही बत्हाच, हे मला माहीत आहे, चौदा वर्षं मासे तिथूनच आणतो. फोनला माहीत नव्हतं.

शुक्रवारची गर्दी. गाडी दोन तास हलली नाही. अफशाँ हसून हसून सीटवर आडवी. मी जाहीर केलं की आपण मुद्दामच आलोय, प्रवासासाठी थर्मास घ्यायला. घेतला. गळतो.


रविवार, ९ डिसेंबर.

घात. सफूराने मला न विचारता मासूमाआपाला फोन केला. आपाने बदरुद्दीनला सांगितलं. त्याने तिथल्या एजंटकडून तिघांचे व्हिजिट व्हिसा काढायला दिले. संध्याकाळी त्याचा मेसेज. वहाबभाई, फिकीर नको, दोन दिवसांत होतील, घर तयार आहे.

म्हणजे त्याला सगळं कळलं. माल चढवणारा-उतरवणारासकट.

एक तास विचार केला. निष्कर्ष: शत्रूच्याच शिडीने त्याचा किल्ला चढावा. व्हिसा घेणार. थँक्यू लिहिणार नाही. अंगठा पाठवला. तोही छोटाच.


बुधवार, १२ डिसेंबर.

व्हिसा आले. तिघांचेही.

ऑफिस: हम्माद जरा जास्तच शिकतोय. मी स्क्रीन तिरकी धरतो तर तो खुर्ची सरकवतो. मी पटापट क्लिक करतो तर म्हणतो, या उस्ताद, शुवै शुवै, हळूहळू. वहीत लिहून घेतो. आज त्याने एकट्याने तीन इकामे रिन्यू केले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसं माझ्यामुळे जमलं. ही चाल मी ओळखतो.

म्हणून आज पोर्टलचा पासवर्ड बदलला. बावीस ते सत्तावीस मी दुबईत. कंपनी गुडघ्यावर. जी.एम.चा फोन येईल. मी तो तीन वेळा वाजू देईन.

पासवर्ड इथे लिहीत नाही. विसरणं शक्यच नाही. बदरुद्दीनचं नाव इंग्लिशमध्ये, त्यापुढे एक शिवी, मग जन्मसाल.


रविवार, १६ डिसेंबर. सकाळी ११.

माझी स्वतःची एक्झिट-रीएंट्री काढायला बसलो. सफूरा आणि अफशाँची मी माझ्या खात्यातून कालच काढली, कुटुंबाची माणसाला स्वतःला काढता येते. माझी कंपनीच्या पोर्टलवरूनच निघते.

बदरुद्दीनमध्ये डी किती? लग्नपत्रिकेवर दोन आहेत. त्याच्या पासपोर्टवर एक. सुरुवातीला बी-ए की बी-यू? शिवी शुद्ध लिहिली होती की आपल्या दाभोळच्या उच्चाराने?


त्याच दिवशी, दुपारी १.

पोर्टल लॉक. पाच चुकीचे प्रयत्न. जन्मसाल त्याचं की माझं, हा मुद्दा शेवटी कळीचा ठरला.

हम्मादला सांगितलं, सिस्टिम डाऊन आहे. तो म्हणाला, सुभानअल्लाह, आणि कॉफी आणायला गेला.


सोमवार, १७ डिसेंबर.

केरू टेबलाजवळ येऊन उभा. शटरिंग कार्पेंटर, संगमेश्वरचा. आमच्या कंपनीत बावीस वर्षं. कॅम्पात सगळे त्याला केरूमामा म्हणतात. रविवारी तेवीसला त्याच्या मुलीचं, ममताचं लग्न. शुक्रवारी संध्याकाळचं विमान. त्याची एक्झिट-रीएंट्री मी गेल्या आठवड्यात 'उद्या करतो' म्हणून ठेवली होती, नाहीतर ती हम्मादने केली असती म्हणून.

केरू म्हणाला, वहाबभाई, झालं का आमचं? म्हटलं, सिस्टिम. तो म्हणाला, बरं. आणि गेला. केरू कधीच दुसऱ्यांदा विचारत नाही. हा त्याचा दोष आहे. दोनदा विचारलं असतं तर त्याच वेळी झालं असतं.


मंगळवार, १८ डिसेंबर.

लॉक काढायला कंपनीच्या अधिकृत माणसाने पासपोर्ट ऑफिसात, जवाजातमध्ये, जातीने जावं लागतं. अधिकृत माणूस कोण? मी म्हटलं, मी. काउंटरवरचा शिपाई कागद बघून हसला. इकाम्यानुसार मी चढवणारा-उतरवणारा. कंपनीचा अधिकृत माणूस पहिल्या तारखेपासून हम्माद आहे.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर बघितलं तर जी.एम.चा ईमेल आला होता. मी तो 'राग शांत झाल्यावर वाचायच्या' फोल्डरमध्ये टाकला होता.


बुधवार, १९ डिसेंबर.

हम्मादला खरं सांगितलं. पूर्ण नाही, पासवर्ड बदलला आणि विसरलो एवढंच. कोणाचं नाव होतं ते विचारू नये अशी इच्छा होती. त्याने विचारलं नाही. कितीजण अडकलेत, एवढंच विचारलं. मी म्हटलं, केरू, आणि मी. तो टोपी घालून निघाला. जवाजात बंद झालं होतं. परत आला. उद्या पहाटेच जातो म्हणाला. एका मुलाला ताप आहे असं फोनवर बायकोशी बोलत होता.

मी त्याला शुक्रन, म्हणजे थँक्यू, म्हणालो नाही. अजून काम झालेलं नाही.


गुरुवार, २० डिसेंबर. दुपारी २.

आजपासून मी रजेवर, घरी. सव्वाबाराला हम्मादचा फोन, जवाजातमधून. लॉक रविवारी निघेल. तोवर तातडीचं एक प्रकरण ऑफिसर हाताने करून देईल. एकच. दीडला खिडकी बंद, मग वीकेंड. तो म्हणाला, या उस्ताद, केरू की तू?

बाजूला सफूरा बॅग भरत होती, ती माझ्याकडे बघत राहिली. मी सरळ 'मी' म्हणू शकलो असतो. पण मोठेपणा असतो ना काही. म्हणालो, हम्माद, कोण सीनियर आहे ते तुला माहीत आहे.

हे पुरेसं स्पष्ट होतं.


त्याच दिवशी, दुपारी ४.

त्याने जॉइनिंग डेट बघितल्या. केरू १९९६. मी २००४.


त्याच दिवशी, मगरिबच्या नमाजानंतर.

केरू घरी आला. चपला बाहेर काढून, अंग चोरून सोफ्याच्या टोकावर बसला. हातात कॅम्पातल्या पोरांनी केलेला नारळाच्या वड्यांचा डबा. म्हणाला, हम्मादसाहेबांनी सांगितलं, वहाबभाई म्हणाले आधी जो सीनियर त्याचं करा. तुमचंही अडकलं होतं म्हणे. आणि डबा पुढे करून डोळे पुसायला लागला. चौदा वर्षांत मी केरूला रडताना बघितलं नव्हतं. सफूरा आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ आली नाही.

मी म्हटलं, केरूमामा, त्यात काय.

खरं तर शब्दशः बघितलं तर मी तसंच म्हणालो होतो. वाटल्यास हम्मादला विचारावं.

पण हम्मादला मुद्दाम गैरसमज झाला की चुकून, हे शोधून काढणार. चुकून असेल तर तो बावळट. मुद्दाम असेल तर त्याचा हिशेब वेगळा होईल. वड्या चांगल्या आहेत.


शनिवार, २२ डिसेंबर. सकाळी ६, निघण्यापूर्वी.

मी जाणारच. सीमेवर ऑफिसर माणसंच असतात. समजावलं की समजतात. एवढी वर्षं इथे काढली आहेत. सफूरा म्हणाली, नाही समजले तर? म्हटलं, तो प्रश्न येणारच नाही. गाडी तिला सीमेपलीकडे नेता येईल अशी परवानगी ऑनलाइन तिच्या नावे काढली. फॉर्मॅलिटी.


त्याच दिवशी, दुपारी ३. बत्हा चौकी. खरी.

अल खर्ज ओलांडेपर्यंत मी चालवली. पुढे वाळू उडत होती, डोळ्यात गेली. सफूराने स्टीअरिंग घेतलं. वाळू थांबली तरी तिने परत दिलं नाही. एकशे वीसने चालवते. अफशाँने गाणी लावली. दोघी गात होत्या. मी मागच्या सीटवर थर्मास धरून. चहा अर्धा माझ्या पँटवर.

खिडकीवर ऑफिसरने तीन पासपोर्ट घेतले, दोन परत दिले. तुझी तअशीरा, म्हणजे परवानगी, कुठे? मी समजावलं. चौदा वर्षं, पोर्टल, लॉक, हम्माद, सीनियर. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, खलास, बाजूला व्हा.

बाजूला झालो.

सफूराने गाडी कडेला घेतली. म्हणाली, परत जाऊ या का सगळे? अगदी साध्या आवाजात. आपाचा तेवढ्यात फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही. तीन वर्षांत तिने एकदाही म्हटलं नव्हतं की मला बहिणीकडे ने. म्हटलं असेल, मी लिहून ठेवलं नसेल.

मी म्हणालो, जा. मोहीम थांबता कामा नये. फोटो पहिल्या रांगेतून घे.

अफशाँ काचेतून म्हणाली, अब्बा, इट्स ओके, व्हिडिओ कॉल करू. मराठीत म्हणाली, 'करू' एवढं.

गाडी लहान लहान होत गेली. मागचा इंडिकेटर चालूच राहिला होता. मी हात करून सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मी निरोप देतोय. तिनेही हात केला.


रविवार, २३ डिसेंबर.

काल रियाधकडे जाणाऱ्या ट्रकमधून परतलो. रिकामे क्रेट, पेशावरचा ड्रायव्हर, चांगला माणूस, अखंड बोलणारा. वाटेत चेकपोस्टवर पोलिसाने माझा इकामा वाचला, ट्रककडे बघितलं, मान डोलावली आणि काहीही न विचारता जाऊ दिलं. त्या इकाम्यावर इतका विश्वास आजवर कोणी ठेवला नव्हता.

घरी सफूराचा मेसेज होता. बदरुद्दीन पलीकडच्या चौकीवर त्यांना घ्यायला आला होता. सव्वाचारशे किलोमीटर, मित्राच्या गाडीतून. मला न विचारता! पुढे तो आमच्या गाडीत बसला, पण सफूराने त्यालाही स्टीअरिंग दिलं नाही. तेवढं समाधान.

खजुराचा डबा सफूराने आधीच बदलला होता. पहिल्या नंबरचा गेला. दुसऱ्या नंबरचा माझ्यासमोर आहे. खातोय.


सोमवार, २४ डिसेंबर. दुपार.

रजा असून ऑफिसात गेलो. कोसळलेलं बघायला. लॉक निघालेलं. हम्मादने भिंतीवर कागद लावलाय, अरबीत, एक ते सतरा स्टेप. सगळ्यात वर लिहिलंय 'उस्ताद वहाबची पद्धत'. चार कामगार उभे होते, पाच मिनिटांत मोकळे झाले. कोणी माझी वाट बघत नव्हतं.

त्याच्या मुलाचा ताप उतरला का, विचारलं. उतरला म्हणाला. हे विचारणं प्लॅनमध्ये नव्हतं.

मग सोक्षमोक्ष लावला. म्हटलं, हम्माद, सीनियर म्हणजे मी कोण म्हणालो होतो, तुला कळलं होतं ना? तो भिंतीवरचा कागद सरळ करत राहिला. म्हणाला, या उस्ताद, मला चार मुली आहेत असं समज. तू असतास तर काय केलं असतंस?

त्याला तीन मुलगे आणि एक मुलगी आहे. मी तेवढं लक्षात आणून दिलं.


त्याच दिवशी, संध्याकाळी ७.

व्हिडिओ कॉल. घेणार नव्हतो, नेटवर्क तपासायला घेतला.

परेड सुरू. फोन अफशाँकडे, पण गर्दीत तिने तो खालूजानकडे दिला, उंच आहे म्हणून. बदरुद्दीनने बोटींकडे धरण्याऐवजी कानाला लावला आणि ओरडायला लागला, वहाबभाई, दिसतंय का? मला दिसत होता त्याचा कान. कानावर लाल, मग हिरवा, मग निळा उजेड. पंचवीस मिनिटं. मागून सफूरा आणि आपाचं हसणं. सफूरा असं हसते हे विसरलो होतो.

मी म्हटलं, दिसतंय.


शुक्रवार, २८ डिसेंबर. जुम्म्यानंतर.

काल दोघी परतल्या. सफूरा येताना एकटीने हजार किलोमीटर चालवून आली. दमली नाही म्हणते. मी केलेला भात तिने खाल्ला.

मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

बदरुद्दीन बोटींच्या लाइनमध्ये म्हणजे इलेक्ट्रिशियन. परेडच्या बोटींना दिवे लावणाऱ्या टोळीत. डिसेंबरचे पंधरा दिवस डोलकाठीवर लटकून माळा बांधतो, आणि परेडच्या वेळी बोटीच्या पोटात जनरेटरजवळ बसतो, दिवे गेले तर पेटवायला. नऊ वर्षं. नऊ वर्षांत त्याने परेड बाहेरून बघितलेली नाही. तो व्हिडिओ त्याच्या कंपनीतल्या कोणी काढून पाठवला होता. या वर्षी पहिल्यांदा त्याने त्या दिवसाची सुट्टी मागून घेतली. मालक कुरकुरला. तो म्हणाला, माझा साडू रियाधहून येतोय, मचव्यावरचा माणूस आहे, त्याला बोटीतलं कळतं, त्याच्या बाजूला बसून बघायचंय.

मला वाटतं मी विचारलं, पुढे? सफूरा म्हणाली, पुढे काय, दुपारपासून कठड्याजवळ पाच जागा धरून बसले होते. पहिली रांग. पहिली बोट आली तेव्हा दुलाभाई लहान मुलासारखे उभे राहिले. ही माळ माझी, ती माझी, असं सांगत होते. तुम्हाला सांगत होते, फोनवर. तुम्ही ऐकलं नाही?

मला कानच दिसत होता. थोड्या वेळाने आवाज बंद केला होता मी. हे तिला सांगितलेलं नाही.

ग्रुपवर टाकायचा फोटो सफूराने दिला. त्यात चौघं: ती, अफशाँ, आपा, बदरुद्दीन, आणि बदरुद्दीनच्या बाजूला रिकामी जागा, तिच्यावर त्याचं जाकीट. ठरलेली ओळ टाकता आली नाही. फोटोत तो दिसत होता.


सोमवार, ३१ डिसेंबर.

जी.एम.चं पत्र. फेब्रुवारीअखेर माझं काम संपतं. मग दुसरा कफील, म्हणजे इकामा काढून देणारा मालक शोधा, नाहीतर कुटुंबासह फायनल एक्झिट, कायमचं घरी. पत्रावर तारीख बावीसची आहे. हम्मादने ते आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. म्हणाला, तुझी सुट्टी खराब झाली असती. ज्या सुट्टीत मी त्याच्याच ऑफिसात येऊन बसत होतो. शिव्या देणार होतो, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरचा पेपरवेट उगाच पुसत होता.

बाहेर निघताना शुक्रन म्हणालो. एकदाच. घाईत.

सफूराला पत्र दाखवलं. तिने वाचून घडी घातली. म्हणाली, दुलाभाईंच्या कंपनीत स्टोअरला माणूस हवाय, वायरी, दिवे, माल चढवणं-उतरवणं. त्यांनी मला तिकडेच सांगितलं होतं, पण म्हणाले वहाबभाईंना मी कसं विचारू, त्यांना राग येईल. तुम्ही फोन करा.

मी म्हटलं, मी? आधी त्याने करायला हवा. गरज त्यांना आहे. माणूस त्यांना हवाय.

वाट बघितली. दुपारभर. असरच्या नमाजानंतरही.


मंगळवार, १ जानेवारी २०१९. सकाळी ९.

नवीन वर्ष. बदल्याची यादी नव्याने करायला बसलो. एक आकडा घातला. पुढे काही लिहिलं गेलं नाही.

सफूरा चहा ठेवून गेली, फोनही ठेवून गेली.

मी फोन केला. पण हॅलो आधी तो म्हणाला, हे इथे नोंदवून ठेवतो.